भुईचाफ्याला घातलेलं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे बसले तरी हा विषय मी शिताफीनं टाळत आले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

सेलूला आमच्या घरामागे मोठा लिंब आहे. त्याच्या सावलीत गुलाब रुसतो, शेवंती नुसतीच उंच होऊन आडवी पडते. तिथे फुलतो तो भुईचाफा. वीतभरसुद्धा उंची नाही. थंडीत त्याची पानं वाळून जातात, खाली काही आहे असं वाटतही नाही, आणि चैत्रात—एक पान नसताना—सरळ मातीतून पांढरी-जांभळी, घमघमणारी फुलं वर येतात. शेजारणी म्हणतात, सुधाताईंच्या हाताला गुण आहे. मी हसते. काय बोलणार?

पण येलदरीपासून सांगायला हवं.

धरणाजवळच्या वसाहतीत राहायचो तेव्हाची गोष्ट. घरं बैठी, झाडं थोराड, संध्याकाळी पाण्यावरून येणारा वारा. काय दिवस होते ते! शेजारी शकूताई, माझ्याहून थोड्या मोठ्या. मधल्या कुंपणाची एक तार वाकवून आम्ही वाट्या-डबे द्यायला जागा केली होती. माझ्या लेकीची वेणी निम्म्या वेळा त्यांनीच घातली असेल. इतकं सुख मला परत कुठे मिळालं नाही, हे आज कळतं.

त्यांच्या चिंचेखाली भुईचाफा होता, राणीसावरगावहून आईच्या परसातून आणलेला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्या प्रत्येकीच्या ओटीत भिजवलेल्या हरभऱ्यांबरोबर एक फूल घालायच्या. मग बायका माझ्याकडे यायच्या, आंब्याची डाळ खायच्या, पन्हं प्यायच्या आणि बोलायच्या कशाबद्दल? तर शकूताईंच्या फुलांबद्दल. माझ्या गौरीपुढे बसून! हसू नका. म्हणजे—हसा, आता मलाही येतं. तेव्हा आलं नव्हतं. मी लावायला एक गड्डा मागितला, तर म्हणाल्या, पुढच्या वर्षी देते. तेही मनाला लागलं.

त्याच हिवाळ्यात त्यांची आई आजारी पडली. सेवेला निघताना त्या कुंपणापाशी आल्या.

“सुधा, चाफ्याला पानी नको घालू बरं का. झोपलेत ते. वल लागली की सडतेत.”

मला नीट ऐकू आलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी न ऐकल्याचं सोंग केलं.

रोज सकाळी माझ्या कुंड्यांचं झालं की उरलेली बादली—खोटं कशाला, उरलेली नव्हे, भरलेली—मी त्यांच्या चिंचेखाली ओतायचे. येणारे-जाणारे बघायचे. म्हणायचे, शेजारीण असावी तर अशी. वाईट वागताना इतकं कौतुक कुणाच्या वाट्याला येतं का? राग तर केव्हाच विरला होता. तरी मी ओतत राहिले.

त्यांची आई गेली. भावांनी तिकडे परसात फरशी घातली, तिथला वाफाही गेला. शकूताई परत आल्या. चैत्र लागला, चिंचेखाली काही उगवेना. त्यांनी खुरप्यानं उकरून पाहिलं, तर हाताला नुसता काळा, कुजका गाळ. मी कुंपणाशी उभी होते. म्हणाले, मला वाटलं, सुकायलेत.

त्यांनी खुरपं चिंचेच्या बुंध्याशी ठेवलं. मग म्हणाल्या, “तू मायेनं घातलंस गं. मीच नीट सांगायला पाहिजे व्हतं.”

आणि आत जाऊन पत्र्याचा एक डबा घेऊन आल्या. कोरड्या मातीत ठेवलेला एकच गड्डा, जाण्याआधी माझ्यासाठी काढलेला. तेवढा एकच उरला होता. तो त्यांनी मला दिला. आणि मी घेतला! हात पुढे करून घेतला.

पुढे बदल्या झाल्या, वाटा फुटल्या. शकूताई आता परभणीला मुलाकडे असतात. काही वर्षांनी त्यांनी फोनवर विचारलं होतं, तुझ्याकडचा जगला का गं, जगला असंल तर एक गड्डा दे, आईची आठवण. तोवर माझा वाफा भरला होता. मी म्हणाले, नाही हो ताई, गेला तो.

का म्हणाले? दिला असता तर त्यांनी पुन्हा माझ्या मायेचं कौतुक केलं असतं, ते सोसवलं नसतं—असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. ते खरं नाही. मला तो माझ्याकडेच हवा होता, एवढंच. लेक म्हणते, आई, स्टेटसला फोटो ठेव ना. मी ठेवत नाही. शकूताई रोज स्टेटस बघतात.

परवा त्यांचा फोन आला. गुडघ्यांचं झालं, नातवाचं झालं. मग म्हणाल्या, “चैत्र लागला की आईच्या परसातला वास येतो बघ नाकाला. इथं तिसऱ्या मजल्यावर कुठून यायलाय? येडीच हाय मी.”

मी मागच्या दारात उभी होते. समोर वाफाभर फुलं होती. मी म्हणाले, “यंदा ऊन लय हाय, ताई. जपून राहा.”