नंबर न पडलेली केळ

संशय माझ्या अंगात माहेरूनच आलाय. वाण्याने बांधलेली पुडी मी घरी आणून पुन्हा तोलते. त्यामुळे डोंबिवलीतली आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आणि झाडं मोजायला सरकारी माणसं आली, तेव्हा मी खिडकीतून हललेच नाही.

आंब्यावर पांढऱ्या रंगात नंबर पडला, फणसावर पडला, गेटाजवळच्या काटकुळ्या शेवग्यावरसुद्धा पडला. माझ्या केळीला मात्र कुणी ब्रश लावला नाही. माझ्या बाळंतपणाला आली तेव्हा आईने ती कोकणातून पिशवीत घालून आणली होती. आता आई नाही. तिच्या हातचं एवढंच काय ते उरलेलं. नंबर पडलेलं झाड बिल्डर उचलून दुसरीकडे लावणार होता. नंबर नाही ते सरळ जेसीबीखाली.

सेक्रेटरी त्या माणसांना चहा पाजत होते. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तिथेच ओळखलं आणि खाली गेले.

"हिच्यावर नंबर का नाही?"

"मॅडम, केळ झाडात धरत नाहीत," त्यांच्यातला साहेब म्हणाला. "हिला लाकूडच नसतं."

"अहो, पहिल्या मजल्याला टेकलीय ती. शेवगा चालतो आणि ही नाही?"

"वहिनी, नियमच आहे तसा," सेक्रेटरी बशीत चहा ओतत म्हणाले. हा माणूस नियमाचं नाव घेतो तेव्हा मी हातातली पर्स घट्ट धरते.

घरी नवरा म्हणाला, "अगं, सोड ना आता." तोही फितूर झालाय, असं मला वाटून गेलं.

पुढे केळीचा घड उतरवला. एकदा घड दिला की ती केळ संपते, म्हणून कापायची आणि गाभ्याची भाजी करायची, ही आईची पद्धत. सुरी सरसर आत गेली. थरावर थर, सगळे पानांचे देठ, एकमेकांना बिलगून खोडासारखे उभे राहिलेले. आंब्याची एक वाळकी फांदी तोडायला करवत लागली होती. साहेब खरं बोलला होता, आणि मला त्याचाच राग आला.

मग लक्षात आलं, आईने आणलेली केळ मी कधीच कापून, भाजी करून खाल्ली होती. जमिनीतला कंद तेवढा जिवंत, तो दर खेपेला बाजूने पिल्लू काढत राहिला. आंब्याला हे कुठलं जमायला.

इमारत पाडायच्या आधी मी एक पिल्लू कंदासकट उकरलं. सेक्रेटरी म्हणाले, "द्या वहिनी, पिशवी मी धरतो." मी दिली नाही. रिक्षातही ती मांडीवरच घेतली.

आंबा क्रेनने उचलून एका मोकळ्या प्लॉटवर नेला. मी मुद्दाम बघून आले. नंबर स्पष्ट वाचता येतो. वर एकही पान नाही. मला फार वाईट वाटलं.

टिटवाळ्याच्या भाड्याच्या घरामागे केळ आता माझ्या खांद्याला आलीय. परवा शेजारीण म्हणाली, "झाड छान आहे हो तुमचं."

"झाड नाही ते," मी म्हटलं. "माझ्या आईची केळ आहे."

ती आत गेल्यावर मी वाकून बघितलं, बाजूचं पिल्लू जागेवर आहे ना.