तसबिरीच्या कडेचा हात

निजामाच्या अमदानीत लातूरला माझ्या शेजारी तहसिलीत साहेबापुढे कागद ठेवणारे एक पेशकार राहत. त्यांच्या बैठकीत घराण्याच्या तसबिरी ओळीनं टांगलेल्या. कुणी आलं की ते उपरण्यानं काच पुसत एकेकाची ओळख करून देत. "हे आमचे आजोबा, औशाचे. काय रुबाब हाय, बघा!" मला तो रुबाब पाठ झाला होता. तेवढ्यात पडद्याआडून बांगड्यांनी भरलेला एक हात चहा पुढे करी.

माहूरला काढलेल्या कुटुंबाच्या फोटोत त्यांची बायकोही उभी होती. पण बायामाणसांचा चेहरा बैठकीत कशाला, म्हणून मढवताना त्यांनी तिच्या बाजूची कड कापायला लावली. पोराच्या खांद्यावर ठेवलेला तिचा हात तेवढा राहिला.

पटकीच्या साथीत ती गेली. मी भेटायला गेलो, तर ते त्याच तसबिरीपुढे हार घेऊन उभे होते.

"मास्तर, तिची दुसरी तसबीरच न्हाई. चेहरा आठवाया गेलं की ह्यो हातच दिसायलाय."

 इतकी वर्षं त्या घरचा चहा प्यायलो, पण मलाही तो हातच तेवढा ओळखीचा होता.