चुलीवरच्या गोळ्या

आमचे मालक फौजेतून घरी आले, तेव्हा आमच्या अंथुर्णे गावच्या उसात रानडुकरांनी धुमाकूळ घातला होता. परवाना काढून त्यांनी एक जुनी लष्करी रायफल घेतली. गोळ्या आम्ही घरीच करायचो. मी चुलीवर शिसं वितळवायची, ते पळीनं साच्यात ओतायचे.

एका सकाळी ते तापानं फणफणले होते आणि उसात कळप शिरला.

"अवं, आता काय करायचं?" मी विचारलं.

"तू घे रायफल. दस्ता खांद्याला घट्ट लाव, न्हायतर हाड मोडंल."

मी पदर खोचला, बांधावर उभी राहिले आणि चाप ओढला. गोळी समोरच्या मातीत घुसली, मी मागं चिखलात बसले. पण त्या आवाजानं सगळा कळप ओढ्याकडं पळाला.

घरी आले तर ते तापातच उठले. दारूच्या काजळीनं रायफलीची नळी गंजू नये म्हणून तिच्यात उकळतं पाणी ओतून, ती कोरडी पुसून, आतून तेलाचा बोळा फिरवीपर्यंत त्यांना चैन पडेना. मग माझा काळानिळा खांदा शेकत म्हणाले, "आता नेम धरायला शिकवतो तुला."

त्यांनी खरंच शिकवलं. पुढं कितीतरी सकाळी आम्ही दोघं त्या बांधावर शेजारी बसलो. तेवढं निवांत बोलणं आमचं घरात कधीच झालं नव्हतं.