ठोकल्याबिगर चालत नाही

आमच्या घरात वस्तू दुरुस्त करायची एकच रीत होती, ती म्हणजे ठोकायची. जुन्या टीव्हीला उजव्या बाजूने थाप मारली की चित्र यायचं, ट्रान्झिस्टर टेबलावर आपटला की बातम्या लागायच्या आणि मला बडवलं की पाढे यायचे. बाबा तोफांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. दिवसभर तिथे लोखंड ठोकायचे आणि उरलेलं काम घरी आल्यावर करायचे. "ठोकल्याबिगर काहीच चालत नाही," हे त्यांचं वाक्य. शहाण्याला शब्दाचा मार ही म्हण शाळेत शिकलो तेव्हा मला ती साफ खोटी वाटली, कारण वर्गात पहिला येणारा मीच होतो. माझा डोळा सुजला की आई शेजारणीला सांगायची, "पडला." शेजारीण म्हणायची, अच्छा. शेजारीणही अधूनमधून पडायची.

खाण तशी माती. आमच्या शहरातल्या राइट टाउन भागात एका कोचिंग क्लासमध्ये मी अकरा वर्षं गणित शिकवलं आणि मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या कानशिलात लगावली. त्याने वजाबाकीचं चिन्ह गाळलं होतं, एवढंच. त्याच्या कानातून रक्त आलं. माझी नोकरी गेली आणि ती जायलाच हवी होती.

बायको कुंडम गावातल्या शाळेत शिकवते, रोज बसने जाते-येते. त्या संध्याकाळी ती भांडली नाही, रडली नाही. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आता कोणावर हात उचलला न तुम्ही, तर मी कुंडमलेच खोली घेऊन राहीन. बसचे धक्के तरी वाचतीन." पोकळ धमकी देणाऱ्यातली ती नाही. मी देवावर हात ठेवून सांगितलं की या घरात माझा हात कोणावर उठणार नाही. ती म्हणाली, देवाला नका सांगू, हाताला सांगा.

म्हणून ऑनलाइन शिकवायचं ठरवलं. पोरं पडद्यापलीकडे, म्हणजे हात पोचायचा प्रश्नच नाही. घरातला कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, तर मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मी त्यात लिनक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर घातलं. यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, तरी ते चाललं. न ठोकता चाललेली आमच्या घरातली ती पहिली वस्तू. मला इतका आनंद झाला की खिडकीतून एक लांब केबल शेजारच्या खोलीत नेली, ती बाबांच्या टीव्हीला जोडली आणि त्यांना आईचे जुने फोटो मोठे करून दाखवले. तो रविवार होता. बाबा फोटो बघून रडले, मी केबल तशीच ठेवून चहा करायला गेलो.

बाबांना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ज्या हाताने आम्ही सगळे सरळ झालो तो हात आता उशीवर पडलेला असतो. डाव्या हातात स्टीलचा ग्लास असतो आणि तो ते पलंगाच्या लोखंडी दांड्यावर वाजवतात. एकदा वाजवला की पाणी, दोनदा वाजवला की लघवीचं भांडं, आणि त्याहून जास्त वाजवला की बाकी सगळं जग. दिवसभरात हे बाकीचं जगच फार असतं.

बुधवारी पाच वाजता माझा पहिला वर्ग होता. नऊ पोरं, आणि त्यांचे आईवडील मागे कान देऊन बसणार, हे ठरलेलं. तीन वाजता मी कॉम्प्युटर सुरू केला. पासवर्ड विचारणारं पान आलं, मी पासवर्ड दिला आणि पडदा काळा झाला. बंद केला, चालू केला. पासवर्ड, काळा. वायर काढून फुंकर मारली, परत लावली. पुन्हा पासवर्ड, पुन्हा काळा. पलीकडे ग्लास वाजायला लागला.

मोबाइलवर कोणीतरी लिहिलं होतं की तीन बटणं एकदम दाबा, म्हणजे नुसत्या अक्षरांचा पडदा येईल. आला. त्याने नाव विचारलं, मी लिहिलं. पासवर्ड विचारला, मी टाइप करायला लागलो तर पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही. लिनक्स तिथे पासवर्ड लपवतं, टाइप केलेलं मुळीच दाखवत नाही, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी समजलो की कीबोर्डही मेला. मी तो उचलून टेबलावर आपटला. दोन बटणं उडून कपाटाखाली गेली. मग मॉनिटरला उजव्या बाजूने थाप मारली, बरोबर बाबा मारायचे तिथेच. एकदा मारली, दुसऱ्यांदा जोरात मारली. तिसऱ्या वेळी कोपऱ्यातून कडकन आवाज आला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. दंडापर्यंत ऊब आली. निर्जीव वस्तूला मारणं शपथेत बसत नव्हतं.

ग्लास थांबेना. ठण ठण ठण, श्वासही न घेता. मी ओरडून सांगितलं की येतो, थांबा. ठण ठण. मी ओरडलो की मरू का आता त्या आवाजाने. ठण ठण ठण. चार वाजून गेले होते. चौथ्यांदा कॉम्प्युटर सुरू केला, पासवर्ड दिला, काळा. ग्लास जोरात वाजायला लागला, जसं काही बाबा मला हसून राहिले होते. आयुष्यभर ठोकलं आणि आता अर्धं अंग गेलं तरी ठोकून राहिलेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी उठलो. खुर्ची मागे पडली.

दारातून आत गेलो तेव्हाच माझा हात वर होता. मी मारलं नाही असं सांगता येईल, कारण लागलं ते ग्लासाला. पण ग्लास त्यांच्या हातात होता. तो सुटून भिंतीवर आदळला आणि चेपला. बाबांची बोटं दांड्यावर आपटली, दोन पेरांवरची साल निघाली. त्यांनी डावं कोपर वर उचललं, तोंडासमोर धरलं, मान भिंतीकडे फिरवली आणि डोळे मिटले.

ते कोपर मी ओळखलं. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत मी तसंच धरत होतो. असं धरलं की नाक वाचतं. हे ते कोणाकडून शिकले असतील?

मग माझं लक्ष टीव्हीकडे गेलं. त्यांची मालिका गेली होती. टीव्हीवर माझा कॉम्प्युटर होता. हिरवी पार्श्वभूमी, 'पहिला तास' नावाचं फोल्डर आणि मधोमध माऊसचा बाण. बाबांच्या अंगठ्याने रिमोटवर भलतंच बटण दाबलं गेलं आणि टीव्ही कॉम्प्युटरच्या केबलवर गेला. रविवारी फोटो दाखवताना मीच कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं की टीव्ही दिसला की चित्र फक्त तिकडेच दाखव. मी विसरलो, कॉम्प्युटर विसरला नव्हता. पासवर्ड दिला की तो इमानदारीने चित्र शेजारच्या खोलीत पाठवत होता. काखेत कळसा आणि मी दीड तास गावाला वळसा घालत होतो. बाबा मला तेच दाखवायला बोलावत होते.

मी टीव्हीची केबल उपटली. पलीकडे मॉनिटर उजळला. कोपऱ्यात एक तडा होता, बाकी सगळं दिसत होतं.

बाबांच्या बोटांना हळद लावली. ते भिंतीकडेच बघत होते. पाच वाजता मी वर्ग घेतला. वर्गसमीकरणं अगदी हळू आवाजात समजावली, एकाने चिन्ह चुकवलं तर बेटा म्हणालो. संपल्यावर एका आईचा मेसेज आला, 'सर बहुत पेशन्स वाले हैं.'

सहाला बायको आली. खांद्यावरची बॅग काढायच्या आधीच तिला तो ग्लास दिसला. तिने उचलून उजेडात धरला.

"हा काहून चेपला?"

जिभेवर आईचा शब्द आला होता. पडला. तो फार सोपा शब्द आहे, तयारच असतो. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मला वाटतं त्यांनाही तोच हवा होता.

"मी मारला," मी म्हणालो.

"कोणाला?"

"ग्लासाला."

ती मास्तरीण आहे, अर्धं उत्तर तिला चालत नाही. "ग्लास कोणाच्या हातात होता?"

"बाबांच्या."

तिने ग्लास पलंगावर ठेवला. बॅग खांद्यावरून काढली नाही.

तिने कुंडमला खोली घेतली त्याला आता चार महिने झाले. शनिवारी येते, बाबांची नखं काढते, सोमवारी पहाटेच्या बसने जाते. माझ्याशी बोलते, वाईट बोलत नाही. माझी शिकवणी बरी चालू आहे. लिनक्स मला आता बऱ्यापैकी कळतं, कोणता पडदा कुठे हे मी एका ओळीत सांगू शकतो. बाबांना मी नवा ग्लास आणून दिला, पण ते तो वाजवत नाहीत. तहान लागली तरी गप्प पडून राहतात, मीच दर तासाला जाऊन विचारतो. पाणी द्यायला मी हात पुढे केला की त्यांचं कोपर वर जातं.