रोजंदारीवरची शालिनी

लोक मला विचारतात, कमलाक्षी, तू गोकुळदासबाबांच्या दुकानाची पायरी का चढत नाहीस? गावात किराण्याचं एकच दुकान, तिथे कोण वाकडं घेतं? मी घेते. घरातलं मीठ संपलं तर पेडण्याहून आणते, पण तिथून नाही. का ते कळायचं असेल तर शालिनीची गोष्ट ऐकून घ्यावी लागेल.

आमचं वायंगणतर खाडीच्या अलीकडे. शाळा, दवाखाना आणि पेडण्याला जाणारी बस पलीकडे. मधे सरकारची फेरीबोट. धक्क्यावर माझं चहाचं दुकान, सकाळी उंडो पाव आणि पातळ भाजी. दुकानासमोर खांद्याला चामड्याची पिशवी अडकवून शालिनी तिकिटं फाडायची. ती सिंधुदुर्गातली, लग्न होऊन इथे आलेली. नवरा मुरगावच्या बंदरात कामाला गेला तो तिकडचाच झाला. घरात सासू देवकी, मुलगी गौरवी आणि कमावणारी ही एकटी. आठ वर्षं रोजंदारीवर. पणजीचे साहेब दरवर्षी सांगायचे, पुढच्या वर्षी कायम करू. ती त्यावर विश्वास ठेवायची, कारण दुसरं करणार काय?

बाई मात्र खमकी. एखादी मासेवाली भलीमोठी टोपली लपवायला बघू लागली की म्हणायची, "ही टोपली नव्हे गो, हे घर. घराचं वेगळं तिकीट लागतं." सगळा धक्का हसायचा, मासेवालीही हसायची आणि तिकीट घ्यायची.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही माझ्या दुकानात साखर वाटली होती. आता आपलं राज्य, आता आपल्या पोरांना नोकऱ्या. आणि वर्षभरात पणजीहून बातमी काय आली? वायंगणतरची फेरी तोट्यात आहे, ती बंद करून कंत्राटदाराची होडी लावणार. बोट हाकणाऱ्याला आम्ही पात्रांव म्हणतो. तो विठू पात्रांव आणि त्याचे पाच खलाशी हादरून गेले. सहाही जण कायम नोकरीतले, पण भीतीने गडी धक्क्यावर बसून राहिले. उठली ती शालिनी.

ती घरोघर गेली. राजभाषेचं भांडण अजून निवलं नव्हतं. मराठीवाले आणि कोंकणीवाले एकमेकांच्या लग्नाला जात नव्हते. शालिनी दोघांच्याही ओट्यावर बसली. "अर्ज खंयच्या भाषेत लिवायचो ता मागीर भांडा," ती म्हणायची, "आदी फेरी ऱ्हावांदी." भाषेचं मग बघू, आधी फेरी, एवढ्यावर तिने आपसातले वैरी एका चटईवर आणून बसवले. मी हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

मग पुढारी कोण झाला? गोकुळदासबाब. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती ना. त्यांनी ठरवलं, एक दिवस फेरी-बंद पाळायचा. गावातल्या एकाही माणसाने त्या दिवशी बोटीत पाय ठेवायचा नाही, म्हणजे सरकारला आपली नाराजी कळेल. तारीख पणजीला रीतसर कळवली. आणि कोणी फुटू नये म्हणून देवळात नारळ ठेवला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं आणि एकेकाने पुढे होऊन नारळाला हात लावला. शालिनीने लावला, मीही लावला. आमच्याकडे नारळाला हात लावला की मामला संपला. कागदावरची सही माणूस विसरेल, नारळ विसरत नाही.

बंदच्या दिवशी सकाळी धक्क्यावर सरकारी जीप येऊन थांबली. एक साहेब उतरला. फेरीवर किती माणसं जातात ते बघायला आलाय म्हणाला. त्यालाही वर्षात नेमका तोच दिवस सापडला. आम्ही कळवलेल्या तारखेलाच आला, आणि हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

शालिनी धावत त्याच्याकडे गेली. "साहेब, आज बंद आहे. आम्हीच तुम्हाला कळवलं होतं. उद्या या, बोटीत उभं राहायला जागा मिळणार नाही."

"मी जे दिसतं ते लिहितो, बाई," तो म्हणाला, आणि माझ्याच बाकड्यावर बसून माझाच चहा मागितला. मी दिला नाही.

मग ती गोकुळदासबाबांकडे वळली. हात जोडून म्हणाली, "बाब, आजचा दिवस लोकांना बोटीत बसू द्या. पाप असेल ते माझ्या माथी." गोकुळदासबाबांनी मान हलवली. देवाच्या पुढ्यात दिलेला शब्द, तो मोडला तर गावावर येईल म्हणाले. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. ती आम्हा बायकांकडे आली. मासेवाल्या, शाळेतल्या पोरांच्या आया, सगळ्या बंद दाखवायला टोपल्या आणि दप्तरं घेऊन उभ्या होत्या. कोणाचाही पाय उचलेना. माझाही नाही. देवाची भीती खोटी का असते?

विठू पात्रांव रिकामी बोट घेऊन दिवसभर जात-येत राहिला. संध्याकाळी साहेब जीपमध्ये बसून निघून गेला.

महिन्याभरात हुकूम आला. वायंगणतरला प्रवासी नाहीत, सबब फेरी बंद. कंत्राटदाराची होडी सुरू. विठू आणि पाचही खलाशी दुसऱ्या फेऱ्यांवर बदलून गेले, पगार तोच. शालिनीला मात्र काही आलं नाही. हुकूम नाही, चिठ्ठी नाही. उद्यापासून येऊ नकोस, असं सांगायलाही कोणी आलं नाही. ती दोन दिवस पिशवी अडकवून धक्क्यावर उभी राहिली. शेवटी होडीवाला म्हणाला, "बाये, वाटेत उबी रावू नको." मग ती घरी गेली.

आणि गोकुळदासबाबांनी काय केलं? सत्कार ठेवला. देवळासमोर मांडव घातला, लाउडस्पीकर आणला, सहा खुर्च्यांवर विठू आणि खलाशांना बसवलं. चहाचं काम मला सांगितलं. हार घालायला बाईमाणूस हवं म्हणून शालिनीला बोलावणं धाडलं. मी तिला म्हटलं, जाऊ नकोस. ती म्हणाली, "वैनी, विठूदादा आठ वर्षं माझ्या बाजूला उभा होता. त्याची नोकरी वाचली, मला आनंदच आहे." असं तिचं काळीज. मला नाही जमलं असतं.

ती हारांचं तबक घेऊन उभी राहिली. गोकुळदासबाब माइकवर बोलायला लागले. चळवळ यशस्वी झाली म्हणाले. सरकार झुकलं म्हणाले. मग आवाज चढवून म्हणाले, "बंधूंनो, आपल्या एकजुटीमुळे वायंगणतर फेरीवरच्या एकाही माणसाची नोकरी गेली नाही."

टाळ्या पडल्या. शालिनी तबक घेऊन तशीच उभी. टाळ्या थांबल्यावर तिने विचारलं, "बाब, मग माझी काय गेली?"

गोकुळदासबाब हसले. वाईट हसले असंही नाही, लहान मुलाला समजावताना हसतात तसं. माइक तोंडासमोरच होता. "अगो, तू रोजंदारीवर होतीस. तिला नोकरी म्हणत नाहीत."

हे सगळ्या गावाने ऐकलं. मांडवात शे-दीडशे माणसं. ज्यांच्या ओट्यावर ती जाऊन बसली होती ती माणसं. मराठीवालेही आणि कोंकणीवालेही. 

शालिनीने तबक टेबलावर ठेवलं. "तर मग हार घालायलाही कोणाला तरी रोजंदारीवर आणा," ती म्हणाली आणि मांडवातून चालती झाली.

मी चहाचं आधण चुलीवर ओतून चूल विझवली. जाताना त्या सहा खुर्च्यांसमोर उभी राहिले. मनात आलं होतं, निदान विठू उठेल, तिच्या मागून दोन पावलं तरी जाईल. विठू आपल्या पायांकडे बघत बसला होता. सहातला एकही उठला नाही.