टेम्पोत जागा होती

शेतात धान निसवायला लागला, लोंब्या बाहेर पडल्या आणि बांधावर त्याचा गोडसर वास आला, की मला डोंगरगडच्या पायी यात्रेची ती तयारी आठवते. नवरात्रात आमच्या देवरीकडच्या गावातून देवीला चालत जाणाऱ्यांसाठी सामानाचा टेम्पो आणि मुक्कामाला शाळेची खोली ठरवायचं काम त्या वर्षी माझ्याकडे होतं. शेजारची एकटी राहणारी काकू दारात आली. "मले बी घेऊन चाल ना बापू. थकली त टेम्पोत बसीन." ती लंगडत चालायची. तिच्यासाठी सगळ्यांना थांबावं लागेल, म्हणून मी म्हणालो, "टेम्पो फुल झाला काकू, खोलीतही जागा नाही." ते खोटं होतं. ती रागावली नाही. घरात गेली आणि यात्रेसाठी धुऊन ठेवलेली चादर घेऊन आली. "मंग हे तू घेऊन जाय. तिकडं सकाळी थंडी पडते." वाटभर टेम्पो अर्धा रिकामाच आमच्या मागे येत राहिला. पुढच्या वर्षी यादीत पहिलं नाव तिचं लिहून सांगायला गेलो, तर ती खाटेवरूनच गुडघे चोळत हसली, "आता कायले रे, टोंगळे उठूच नाही देत." यादी आजही मीच करतो. त्या वर्षी जागा होती, एवढं मात्र तिला अजून सांगू शकलेलो नाही.