चार चौकटी, चार बाया

११ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळचे साडेअकरा. लोणावळ्यातल्या आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला असलेल्या मावशींनी ओले हात पदराला पुसले, माझा कागद हातभर लांब धरला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "ह्या बाया कुनाच्या?"

कोणतेही चित्र दाखवा, मावशी आधी नातेगोते विचारत. माझे काम उपकरणांच्या वापरपुस्तिकांतली चित्रे ठरवण्याचे. शब्दांविना, कोणत्याही देशात कळतील अशी. प्रत्येक आराखडा मी प्रथम मावशींना दाखवी. त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि भीड तर त्याहून नव्हती.

एका जर्मन पुस्तिकेतला मनगटापाशी संपलेला हात पाहून त्या म्हणाल्या होत्या, "बाकीचा मानूस कुटं गेला?" जपानी पुस्तिकेत यंत्रालाच डोळे आणि हसू होते. "ह्याला काय झालंय हसायला? काम तर आपुन करायचं." तुम्हीही अशी चित्रे पाहिली असतील. आपण ती निमूट स्वीकारतो.

त्या मंगळवारचा कागद दम्याच्या रुग्णांसाठीच्या नळीचा होता. नळीत फुंकले की काटा सरकतो; थांबेल तो आकडा श्वासाच्या जोराचा. चार चौकटी: काटा शून्यावर आणा, उभे राहून छातीभर श्वास घ्या, जोराने फुंका, आकडा वाचा. चारही चौकटींत एकच बाई. मावशींना स्वतःला दमा होता, म्हणून एक नळी आणि तो कागद मी त्यांना घरी न्यायला दिला. आकडा रोज संध्याकाळी फोनवर कळवायचा, असे ठरले.

पहिल्या दिवसापासून आकडे उत्तम. तीनशे तीस, तीनशे चाळीस. मावशी मात्र कँटीनचा जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबत. आकडा आणि माणूस यांचा मेळ बसेना, तेव्हा एका रविवारी मळवली स्टेशनला उतरून मी भाजे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीत गेले.

ओट्यावर चार बाया ओळीने उभ्या होत्या. पहिलीने काटा शून्यावर आणला. मावशींनी नळी घेतली, छातीभर श्वास घेतला आणि नळी पुढे दिली. तिसरीने, आडदांड शेजारणीने, गाल फुगवून फुंकले. अंगणवाडीत काम करणाऱ्या चौथीने वाचले, "तीनशे चाळीस!"

"मावशी, फुंकायचं तुम्ही!"

"आगं, कागदात चार बाया हायेत न्हवं? हिचा दम लय, म्हनून फुंकायला ही. इर्जिकीत जिला जे झेपंल ते तिनं करावं."

इर्जिक म्हणजे भाताच्या कामाला आज सगळ्यांनी एकीच्या खाचरात उतरायचे, उद्या दुसरीच्या. मी चौकटींत क्रम काढला होता. त्यांना तिथे कामाला लागलेली रांग दिसली होती.

"मंग म्या उगंच फुंकलं व्हय इतकं दिस?" शेजारीण म्हणाली. "गाल दुकलं की माजं!"

मग मावशींनी फुंकले. एकशे साठ. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी औषध बदलले.

मी चित्र बदलले. चारही चौकटींत तेच ठिपक्यांचे लुगडे, तोच चुडा, मध्ये ठळक बाण. मावशींनी ते बराच वेळ पाहिले. "आता कळतंय. एकच हाय." मग हलकेच, "हिच्या संगतीच्या कुटं गेल्या गं?"

तो कागद परदेशी ग्राहकांनाही पसंत पडला आणि मला बढती मिळाली. मावशींना मात्र काम झेपेना. मुलाने त्यांना सोमाटण्याच्या फ्लॅटवर नेले. मुलगा-सून दोघेही कामाला जात. दिवसभर घरात त्या आणि बंद दार. फोन चुकत नसे. "समदं एकटीनं केलं बग. काटा बी मीच, फुंकर बी मीच." आकडे आता खरे होते आणि उतरत होते.

शेवटचा फोन आला तेव्हा मागे बायांचा कालवा होता. "वाडीवरच्या तिघी आल्यात," मावशी म्हणाल्या. कित्येक दिवसांनी आवाज मोकळा होता. "च्या ठिवलाय. थांब, आकडा सांगते."

मी थांबले. एक लांब, दणदणीत फुंकर ऐकू आली आणि पाठोपाठ चौघींचे हसू. फुंकर कोणाची, हे मी ओळखले. सांगितलेला आकडा मी लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी गेल्या. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे माझ्या हातची शेवटची नोंद आहे: तीनशे पंचावन्न.